मधेमधे बोलणारी बाई, पायरी तिसरी

आमच्या गल्लीत दुपारी वीज गेली की बायका ओट्यावर येऊन बसायच्या आणि नंबर लावायच्या. कशाचेही नंबर. कोणत्या टॉकीजमधले ढेकूण सगळ्यांत जाड, कोणत्या खलनायकाकडं बघून दूध नासेल, पूर्वी कुणाच्या बेलबॉटमनं गल्ली झाडून निघायची. पाचव्या नंबरापासून सुरुवात करायची आणि पहिल्याला पोचेपर्यंत भांडायचं.

या खेळात दोघींचा शब्द चालायचा, माझ्या सासूबाईंचा आणि शेजारच्या खालाचा. पोलीस ॲक्शननंतर थोड्याच दिवसांत दोघी लग्न होऊन या गल्लीत आल्या आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या. सिनेमाचे नंबर संपले की त्या इतिहासाकडं वळायच्या. येड्या बादशहांमध्ये पहिला नंबर कायम एकाचाच. ज्यानं आख्खी दिल्ली उठवून दौलताबादला आणली आणि पुन्हा माघारी नेली, त्याचा.

खाला म्हणायची, “लोगां की उमर तो सामान बांधने-खोलने मेंच गई होंगी.”

सासूबाई म्हणायच्या, “आन् बायकांनी वाटंनं किती चुली मांडल्या असतील? त्येचा नंबर कोन लावनार?”

भीतीच्या जागांमध्ये किल्ल्यातलं अंधारी नावाचं भुयार पहिलं होतं. शत्रू आत शिरला की त्याला स्वतःचा हात दिसायचा नाही आणि तो चाचपडत खंदकात जाऊन पडायचा. दुसरा नंबर आमच्या न्हाणीचा होता, कारण तिथला दिवा कधी लागायचाच नाही.

मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसायची. मी पिशोर गावची, चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघींत बोलायचं म्हटलं की मी मान आणखी खाली घालून खडे वेचायची. माझेही नंबर मनात लागायचे, पण ते मनातच राहायचे.

हा पायऱ्यांचा नाद त्या दोघींना रेडिओनं लावला होता. एके काळी गल्लीत रेडिओ फक्त खालाच्या घरी होता. आठवड्यातून एकदा समुद्रापलीकडच्या स्टेशनवरून गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. ज्या गाण्याची फर्माइश जास्त, ते पायरी-पायरीनं वर चढायचं. पहिल्या पायरीवर पोचून जुनं झालेल्या गाण्याला मोठ्या मानानं निरोप द्यायचे. मग ते गाणं मोजणीत परत कधी यायचं नाही. सासूबाई सांगायच्या की निरोपाच्या वेळी त्या दोघी चक्क डोळे पुसायच्या.

पुढं सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं चालणं-फिरणं संपलं. रस्त्याकडच्या खिडकीला लावून त्यांची बाज टाकली. हळूहळू त्यांच्या डोक्यातून माणसं जाऊ लागली. आधी पाहुणेरावळे गेले, मग मी गेले. मग त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे मालक, तेही गेले. रेडिओ मात्र राहिला.

वार कोणता हे त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. पण कार्यक्रमाचा वार त्यांनी कधी चुकवला नाही. दिवेलागणीला त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या, पेला तोंडाशी धरायच्या आणि नंबर सांगायला लागायच्या. तो आवाज त्यांचा नसायचा. एरवी त्या सोयगावकडचं तुटक बोलायच्या. पेल्याआडून यायचा तो आवाज साफ, गुळगुळीत, शिकलेल्या माणसाचा. मधेच तो लांब जायचा, खरखरायचा, बुडाल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा एकदम कानाशी यायचा. सासूबाई मात्र जागच्या हललेल्या नसायच्या. मी स्वयंपाकघरात असले तर माझी पोळी तव्यावर करपून जायची.

सुरुवातीला बिस्किटं, दंतमंजनं, सिनेमातल्या सासवा असेच नंबर लागले. लोक खिडकीशी उभं राहून हसायचे. मग एका आठवड्याला पाचव्या पायरीवर खालाची बकरी आली. खाला खूश झाली. बकरी दर आठवड्याला एकेक पायरी चढत गेली आणि पहिलीवर पोचली. सासूबाईंनी तिचे कान, तिची चाल, तिचं ओरडणं, सगळ्याची तारीफ करून तिला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी बकरी टेम्पोखाली गेली.

त्यावर गल्ली हसलीच. मग कोपऱ्यावरचा शिंपी चढत गेला. त्याला निरोप दिला आणि त्याच आठवड्यात तो वारला. म्हातारा माणूस, दम्याचा आजारी, कुणी मनावर घेतलं नाही. नंतर पिठाच्या गिरणीवाला चढला. तरणाताठा, गव्हाचं पोतं एकट्यानं उचलणारा. निरोपानंतर तिसऱ्या दिवशी तो गिरणीत बसल्या जागी गेला.

तेव्हापासून आमच्या खिडकीखालून जाताना लोक गप्प व्हायला लागले. भाजीवाला गाडी पलीकडच्या बाजूनं न्यायचा आणि लांबूनच ओरडायचा, “आज्जे, मला नको घेऊस गं, मला तीन पोरी हायत!” समोरची बाई एक दिवस पदर तोंडाला लावून मला म्हणाली, “तुमच्या सासूला सांगा की, माझ्या सासूला घ्या म्हणावं एकदा.” दोघी हसलो आणि लगेच दोघींनी मागं वळून बघितलं.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. बाहेरून तो आवाज आला. “नवीन दाखल. पायरी पाचवी. लोखंडाच्या वासाचा माणूस.”

माझे हात कणकेत तसेच राहिले. मालक बसगाड्यांच्या वर्कशॉपात होते. कितीही साबण लावला तरी त्यांच्या अंगाचा लोखंडाचा वास जायचा नाही.

मी खालाकडं गेले. तिच्याशी मला बोलता यायचं, ती एकटी असली तर. मी विचारलं, “खाला, वर चढू नये म्हणून काय करायचं असतं?”

कोण चढतंय ते खालाला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, “बहू, जिसकी फर्माइश जास्ती, वो ऊपर. उसकी फर्माइश बंद करा.”

फर्माइश कोण करत होतं ते मला माहीत होतं. मालक स्वतःच. रोज कामावरून आले की आईच्या बाजेजवळ बसायचे आणि विचारायचे, “आई, मी कोन? सांग बरं. तुझा लेक न्हवं का मी? नीट बघ.” सासूबाई त्यांच्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघायच्या आणि म्हणायच्या, “बसा. चहा टाकतील.” मालक उठून मोरीत जायचे आणि बराच वेळ तोंड धूत राहायचे.

मी त्यांना म्हणाले, “अहो, थोडे दिवस त्यांच्यापुढं नका जाऊ. विचारू नका.”

“का?”

“शिंपी गेला. गिरणीवाला गेला.”

“बकरी राहिली तुझी,” ते म्हणाले. “येडी का काय तू? आई मला न वळखता मरंल, त्येचं भ्या वाटतं मला. बाकी कशाचं नाय.”

ते विचारत राहिले. माणूस चौथ्या पायरीवर आला, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी तो आवाज त्यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायचा. उजव्या हाताचं बोट वाकडं आहे. बसताना आधी गुडघा टेकतो. ज्या बाईला मुलगा म्हणून तो आठवत नव्हता, तिला हे सगळं कुठून दिसत होतं कोण जाणे.

मग पहिल्या पायरीची संध्याकाळ आली. पेल्यावर चमचा वाजला. खिडकीबाहेर खाला होती, समोरची बाई होती, आणखी चारजणी होत्या. पाचवी झाली, चौथी झाली, तिसरी झाली, दुसरी झाली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, पदर डोक्यावर घेतला आणि बोलले. “आत्याबाई, फर्माइश हाय.”

आवाज फाटला माझा. बाहेर कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, हिला तोंड हाय!”

सासूबाईंनी पेला खाली घेतला आणि त्या वाट बघू लागल्या. फर्माइश आली की ती ऐकावी लागते, हा त्यांचाच नियम होता. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले, “टॉकीजमधल्या इंटरवलच्या खाण्याचे नंबर.”

त्यांनी लावले. पाचवे गार भजे, चौथे वाळूसकट फुटाणे, तिसरी गोटीची सोडा बाटली. दुसऱ्याला खालानं बाहेरून भांडण काढलं. पहिला नंबर कशाला दिला, तर “शेजारच्या बाईनं पिशवीतून काढून एकटीनंच खाल्लं ते.” सगळ्या हसल्या. हसता हसता सासूबाई दमल्या आणि झोपून गेल्या. लोखंडाच्या वासाचा माणूस दुसऱ्या पायरीवरच राहिला.

मग मी दर आठवड्याला तेच केलं. आठवडाभर विषय गोळा करायची. कोणत्या मारामारीत कुणाचा टोप निघाला. रविवारी टीव्हीत देव आला की कोणत्या घरातला माणूस आधी चप्पल काढायचा. शहराच्या कोणत्या दरवाजाखाली जास्त गाड्या अडकतात. आणि सगळ्यांत येडी लढाई कोणती, ज्यात दोन्हीकडचं सैन्य पळालं. पहिल्या पायरीचा वास यायला लागला की मी मधेच फर्माइश टाकायची. लोक माझं ऐकत होते. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं आणि त्याचीच मला भीती वाटायची. कधीकधी मी बोलून गप्प झाले, तरी माझाच आवाज खोलीत थोडा लांबून, खरखरत ऐकू यायचा.

सासूबाईंचं जेवण तुटलं. चमचा कधी पेल्यावर वाजायचा, कधी बाजेवर. एक दिवस मालक जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले, “ती माझ्यापाशी आली की तू तिला ढेकणांकडं नेतीस. असं किती दिवस करनार? तिच्याजवळ दिवस हायत का?”

मी सरकवलेलं ताट परत त्यांच्यापुढं केलं.

“येत्या वारी बोलू नको,” ते म्हणाले. हात जोडल्यासारखं केलं त्यांनी, खरकट्या हातानं.

त्या दिवशी ते कामावरून लवकर आले. अंघोळ न करता तसेच बाजेजवळ बसले, वासासकट. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. चमचा वाजला. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी. सासूबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. फर्माइशीची वाट बघावी तसं बघितलं. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ओठ दातांखाली धरले.

“पायरी पहिली,” तो आवाज म्हणाला. मग नुसतीच खरखर झाली, बराच वेळ. आणि त्या खरखरीतून सासूबाईंचा स्वतःचा आवाज आला, सोयगावकडचा, तुटक.

“ह्यो तर माझा लेक हाय. कवाधरनं बसलाय हितं? कुनी सांगितलं नाय मला.”

मालकांनी त्यांच्या पोटाशी डोकं ठेवलं. सासूबाई त्यांच्या वाकड्या बोटावरून हात फिरवत होत्या. मालक रडत होते आणि हसतही होते, आणि त्या आनंदात त्यांनीच नको ते विचारलं. “मंग आई, आता निरोप?”

खिडकीबाहेरच्या बायका एक पाऊल मागं सरल्या.

“निरोप?” सासूबाई म्हणाल्या. “तू कुठं चाललास? जेवलास का?”

“नाय अजून.”

“मंग जेव की आधी. ए बाई, उभी काय ऱ्हायलीस? वाढ त्याला.”

मी वाढलं. माझ्या हातातून भाजी सांडत होती. मालक तिथंच बाजेजवळ बसून जेवले आणि त्यांच्या आईनं प्रत्येक घास बघितला. मला वाटलं, संपलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन वळले आणि मागून पेल्यावर चमचा वाजला. तो साफ, गुळगुळीत आवाज म्हणाला, “नवीन दाखल. पायरी पाचवी. मधेमधे बोलणारी बाई.”

मालकांना हसता हसता ठसका लागला. बाहेरच्या बायकाही हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

पुढच्या आठवड्याला मी चौथीवर गेले. त्याच्या पुढच्याला तिसरीवर. माझ्याबद्दल त्या काय सांगत होत्या ते मी ऐकलं नाही, मी नळ मोठा सोडून भांडी घासत होते. मुलाला मात्र त्या शेवटपर्यंत ओळखत होत्या. मी दुसरीवर जायच्या आधीच, एका दुपारी वीज गेलेली असताना सासूबाई वारल्या. मालक जवळ होते. आईचा हात त्यांच्या हातात होता.

मालक धडधाकट आहेत. आता ओट्यावर बसतात आणि म्हणतात, आपल्याला पहिला नंबर मिळाला आणि निरोपही नाही. लोकांना ते आवडतं. मी आत असते. मी पुन्हा पहिल्यासारखी कमी बोलते.

मागं एकदा खालाचे पाय चेपत होते. ती आता फार ऐकत नाही, म्हणून मोठ्यानं विचारावं लागलं. “खाला, तो रेडिओवरचा कार्यक्रम बंद झाला, तेव्हा मधल्या पायऱ्यांवर जी गाणी होती, त्यांचं काय झालं?”

खालानं डोळे मिटूनच सांगितलं, “क्या होना था बहू? वहींच रह गए. उतारने कू कौन आता?”

मग म्हणाली, दुसरा पाय घे.