चष्म्याच्या घरात चाकू

माझं लग्न चाकू काढल्यामुळे जमलं.

हे मी असं सरळ सांगते, तं लोकं आधी माझ्याकडं पाहतात, मग निखिलकडं पाहतात आणि मग हळूच विचारतात, "कोणी काढला?" म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं लिहूनच टाकावं. (टायपिंगचा स्पीड माझा बरा आहे, कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तेच शिकवते. डोकं बोटांच्या मागून येते, त्याले माझा इलाज नाही.)

तं मी गौरी, राहणार अमरावती. बाबांची भातकुली रोडवर शेवंती-झेंडूची शेती. मले शौक एकच. जगात लोकं प्रेमात पडल्यावर काय काय करतात अन् ते कुठून सुरू झालं, हे वाचायचं. अंगठी करंगळीशेजारच्या बोटातच काहून घालतात? कारण जुन्या रोमन लोकांले वाटे, त्या बोटातून एक शीर सरळ हृदयात जाते. वेल्स नावाच्या मुलखात पोरगा स्वतःच्या हातानं लाकडी चमचा कोरून पोरीले देत असे. ऑस्ट्रियात म्हणे पोरी नाचताना काखेत सफरचंदाची फोड ठेवत अन् नाच संपला की आवडत्या पोराले ती खायले देत. (आणि तो खात असे. आपले पोरं एक गुलाब देऊन दमतात.)

हे ज्ञान मी स्वतःजवळ ठेवत नाही, हा माझा दोष. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात मी ऐन अंगठीच्या वेळी त्या रोमन शिरेवर बोलून राहिली होती, तं आई सगळ्यांसमोर म्हणाली, "शीर कोठी जाते ते डॉक्टर पाहीन. तू ताट धर."

आता मुद्द्यावर येते. पोरगी पाहायचा कार्यक्रम माझा आधी तीनदा झालेला. पद्धत ठरलेली. मी ट्रे घेऊन येणार, पाहुणे तीन प्रश्न विचारणार, मी आत जाणार. मग निकाल निघणार पोराच्या बापाकडून, तो मध्यस्थाकडं, तिथून माझ्या बंडू मामाकडं, मामाकडून बाबांकडं, बाबांकडून आईकडं आणि उरलासुरला मले. माझ्याच लग्नाची बातमी अन् मी लायनीत शेवटी! तिसऱ्या वेळी तं दोन्हीकडून होकार होऊन पेढेही वाटून झाले, तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं की पोरीले विचारायचं राहिलं. मी नाही म्हटलं. बंडू मामा सहा महिने माझ्याशी बोलला नाही.

यावेळी मात्र भानगड उलटी होती. पोरगा मले आवडला होता. निखिल, अकोल्याचा. त्यांची अकोटकडं संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. दोन्ही घरांनी पंधरा दिवस फोनवर बोलायची परवानगी दिली होती. बारीक आवाजाचा, मोठ्या कानाचा, आणि ते कान मी जे सांगीन त्याच्यासाठी उघडे ठेवणारा. काखेतल्या सफरचंदाचं सांगितलं तं फक्त एवढंच म्हणाला, "धुतलं अशीन ना आधी?"

मी ठरवलं, यावेळचा 'हो' मी स्वतः म्हणणार. सगळ्यांच्या समोर, माझ्या तोंडानं. ठरवणं सोपं होतं. पण बाबा, मामा, पाहुणे असे ओळीनं बसलेत आणि मी म्हणून राहिली 'मले पोरगा पसंत आहे', एवढं चित्र डोळ्यासमोर आणलं तरी मी पांघरुणात तोंड लपवत असे.

अशात मले फिनलंड सापडलं.

तिकडं म्हणे लग्नाच्या वयाची पोरगी कंबरेले चाकूचं रिकामं म्यान बांधून फिरत असे. ज्याले ती आवडली त्यानं आपला चाकू त्या म्यानात टाकायचा. पोरीनं चाकू ठेवून घेतला तं होकार, वापस केला तं नकार. एक शब्द बोलायचा नाही अन् सगळा निकाल पोरीच्या हातात. मी तं पलंगावर उभी राहिली. निखिलले लगेच मेसेज टाकला.

"येताना चाकू आणशीन काय?"

"कोनता?"

"तुझा रोजचा."

"माझा कलमाचा आहे. घडीचा. त्याले म्यान लागत नाई."

"लागते. रीत आहे."

"बरं."

(त्या 'बरं'वर मी तिथंच लग्नाले तयार होती.)

प्लॅन साधा होता. चहा झाला की निखिल हात धुवायले म्हणून मागच्या अंगणात येणार, गपचूप चाकू टाकणार, आणि मी बैठकीत जाऊन तो सगळ्यांसमोर ठेवून घेणार. राहिला प्रश्न म्यानाचा. अमरावतीत चाकूचं म्यान कुठं मागता? दुकानदार आधी बाबांले फोन करीन. शेवटी बाबांच्या चष्म्याचं घर घेतलं, चामड्याचं, तपकिरी, अगदी फिनलंडचं वाटावं असं. आतला चष्मा फ्रिजवर ठेवला आणि घर काळ्या दोऱ्यानं साडीवर कंबरेले बांधलं. वरून पदर.

चष्मा फ्रिजवर ठेवला हे बाबांले सांगायचं राहिलं.

त्यामुळे पाहुणे आले तेव्हा पहिला घोळ दारातच झाला. निखिलकडच्या गाडीचा ड्रायव्हर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाबांनी डोळे बारीक केले, पुढं झाले, त्याचा हात धरला आणि त्याले सोफ्यावर मधोमध बसवलं. "या, या. फोटोपेक्षा गोरे आहा तुमी." खरा निखिल दारात मिठाईचा डबा धरून उभा. त्याले बाबा म्हणाले, "गाडी सावलीत लावून दे बेटा."

निखिलच्या बाबांनी घसा खाकरून उलगडा केला. बाबांनी माफी मागितली (तीही ड्रायव्हरचीच). सगळे हसले आणि बसले. मी आलुबोंड्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, वाकली आणि पदर घसरला.

निखिलची सुमन आत्या माझ्या बरोबर समोर बसली होती. त्या बाईची नजर म्हणजे सोनाराचा काटा.

"पोरी, हे कंबरले काय व?"

"चष्म्याचं घर," मी म्हटलं. खोटं सुचलंच नाही.

"म्हंजे चष्मा आहे तुले. बायोडाट्यात तं नाई लिवलं."

"मले नाही, आत्या. बाबांचं आहे."

"बापाच्या चष्म्याचं घर पोरगी कंबरले बांधून फिरते?"

याले उत्तर होतं, पण ते फिनलंडमध्ये होतं. बंडू मामा सरसावला. "आमच्या पोरीले चष्मा-बिष्मा काही नाई. लिहून देतो."

"मंग वाचू द्या ना तिले. ते कॅलेंडर वाच व, बाई."

मी वाचलं. तारीख, वार, तिथी.

"ते तं मलेबी दिसते. खालचं बारीक वाच."

मी सूर्योदय वाचला, सूर्यास्त वाचला.

"आता मांगं सरक अन् वाच."

मी मागं सरकली. "अजून." अजून सरकली. वाचत वाचत उंबरा ओलांडला, स्वयंपाकघरात गेली, ओट्याले टेकली आणि तिथून ओरडून चतुर्थीचा चंद्रोदय सांगितला. गॅसपाशी उभी आई दातओठ खात म्हणाली, "तुले आजच कंबर सजवायची होती?"

बैठकीत तोवर आवाज चढले होते.

"तुमी आमच्या पोरीची परीक्षा घेऊन राहिले काय?" मामा म्हणाला.

"लपवाल तं घ्याच लागते," आत्या म्हणाली. "चष्मा नाई तं घर कायले बांधलं, तेवढं सांगा ना."

हे मामालेही माहीत नव्हतं, म्हणून तो आणखी चिडला. मी धावत बाहेर आली. निखिलनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, 'आता काही करू नोको.' त्यानं वाचलं, 'आता कर.' (पंधरा दिवस फोनवर बोललं की डोळ्यांची भाषा कच्ची राहते.)

तो उठला. खिशात हात घातला. 'खट्ट' आवाज झाला आणि आमच्या बैठकीत, गणपतीच्या फोटोखाली, अकोल्याचा पाहुणा हातात उघडा चाकू घेऊन सरळ माझ्याकडं चालत आला.

बंडू मामा तरुणपणी दर्यापूरले कबड्डी खेळत होता. आम्ही ते कधी खरं मानलं नव्हतं. त्यानं बसल्या जागेवरून झेप घेतली, निखिलची कंबर धरली आणि दोघंही सतरंजीवर आडवे. चाकू उडाला आणि दिवाणाच्या गादीत घुसून उभा राहिला. आत्या खुर्चीवर चढली. बाबा म्हणाले, "काय पडलं? कोणी सांगा ना."

एकटे निखिलचे बाबा शांत होते. त्यांनी चाकूकडं निरखून पाहिलं.

"निख्या, हा नर्सरीतला चाकू आहे. इकडं काहून आनला बे?"

मामाच्या खालून आवाज आला, "बाबा, फिनलंडची रीत आहे."

"कोठची?"

"फिनलंड."

मामानं पकड ढिली न करता विचारलं, "हे मेळघाटात धारणीकून जाते काय?"

"आपल्या नात्यात तिकडं कोनी नाई," आत्या खुर्चीवरून म्हणाली. "मले पक्कं मालूम आहे."

मग सगळे माझ्याकडं वळले. कारण घरात विदेशी काही निघालं की ते माझंच असते. मी सांगितलं. म्यान सांगितलं, चाकू सांगितला, चष्म्याचं घर सांगितलं. भीतीपोटी वेल्सचा चमचाही सांगून टाकला. कोणी हसलं नाही. निखिलचे बाबा उठले आणि शर्ट नीट केला.

"चला," ते म्हणाले. "हे काई आपल्या समजन्यातलं नाई."

ड्रायव्हरही उठला. त्याचा आलुबोंडा अर्धा होता.

झालं, मी मनात म्हटलं. आता हे जातील. मग मध्यस्थाचा फोन येईन, मग मामा, मग बाबा, मग आई, आणि रात्रीच्या भाजीसोबत मले कळीन की माझं मोडलं. आणि तो पोरगा, जो नुसता 'बरं' म्हणून अकोल्याहून चाकू घेऊन आला, तो इथं मामाखाली पडला आहे.

मी दिवाणापाशी गेली. गादीतला चाकू दोन्ही हातांनी ओढून काढला. कंबरेच्या घरात टाकायले गेली, तं मावेच ना. घडी कशी घालतात ते मले येत नव्हतं. म्हणून तो तसाच धरला, पातं वर, आणि म्हटलं,

"हा चाकू मी ठेवून घेते. मले पोरगा पसंत आहे. कोणाची हरकत आहे काय?"

कोणाचीच नव्हती. मी एकेकाकडं वळून पाहिलं, तसं एकेकानं मान हलवली. इतक्या लवकर इतकी माणसं एकमताची झालेली मी आमच्या घरात पाहिली नव्हती. तोंड लपवायचं तं मी विसरलीच होती. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता फिनलंडले फोन लावावा.

तेवढ्यात निखिलचे बाबा अगदी सांभाळून म्हणाले, "पन बाई, आमी अजून तुले पसंत केलं नाई."

हे खरं होतं. पसंती दोन्हीकडून लागते, हे जगभरच्या रीती वाचण्याच्या नादात माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

खालून आवाज आला, "मी केलं. पंधरा दिवस झाले. मामाजी, आता उठा ना."

मामा उठला. निखिलचे केस झटकून देत म्हणाला, "वजन बरं आहे जावयाचं." आत्या खुर्चीवरून उतरली आणि पहिलं वाक्य बोलली, "पोरगी धीट आहे. आपल्या नर्सरीवर मजुरांले सांभाळीन." निखिलचे बाबा आधी आत्याकडं पाहत राहिले, मग पोराकडं, आणि मग पहिल्यांदा हसले अन् दिवाणावर परत टेकले.

आईनं मागून ढोसलं, "पाया पड."

मी इतकी जिंकलेली होती की कशाचंही भान नव्हतं. तशीच तरातरा गेली आणि सासऱ्यांच्या पायाशी वाकली, हातात उघडा चाकू. त्यांनी दोन्ही पाय उचलून दिवाणावर मांडी घातली आणि आशीर्वाद दिला.

लग्नाले आता दोन वर्षं झाली. सासरे आशीर्वाद अजूनही भरभरून देतात, पण आधी माझे दोन्ही हात दाखवायले लावतात.