आवाजाचं बटण आणि दादाचा हात

गल्लीत तिला सगळे पक्कड म्हणत. मिक्सर, पंखा, इस्त्री, स्पीकर, जे बंद पडेल ते तिच्या दुकानात यायचं आणि एकदा हातात घेतलेली वस्तू चालू केल्याशिवाय ती सोडायची नाही. कंटाळून गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या हो, नवीन घेतो." ही म्हणे, "घ्या ना. पण हा चालू झाल्यावर घ्या." अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिच्या थोरल्या भावाला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या दिवशी तो घालत होता.

"नाचता येईना अंगण वाकडं, असलं मला करायला लावू नकोस," दादा म्हणाला. "हात गेला माझा. गिटारला काही झालेलं नाही."

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?"

दादा एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मागल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. माणूस जिद्दीचा, शर्टाचं बटण लावण्यापासून पुन्हा सुरुवात करून तो तालमीपर्यंत पोचला. आणि तिथं भलतंच सुरू झालं. गाणं ऐन रंगात आलं की गिटारचा आवाज खरखर करून गायब व्हायचा, मग आपोआप परत यायचा. पक्कडनं आवाजाच्या बटणाखालचा कंट्रोल काढून नवा बसवला. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. शेवटी ऑर्केस्ट्रा चालवणारा ड्रमवाला घरी आला, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही थोडा आराम करा. शनिवारी मी दुसऱ्या एकाला ऐकून बघतो." आराम म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून दादा जेवताना मान वर करेना.

पक्कडला ड्रमवाल्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो गिटारचा. दुकानात ती बया शहाण्यासारखी वाजायची! दुकानाची रीत ठरलेली: वस्तू टेबलावर घडीच्या टॉवेलवर निजवायची, मीटर लावायचा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, तारेवर स्क्रूड्रायव्हरनं टिचकी मारायची. तसं सगळं करून झालं. आवाज स्वच्छ. पुन्हा केलं. तरी स्वच्छ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भावाचा हातच गेला बिचाऱ्याचा. पक्कडच्या मनातही ते येऊन गेलं. मग तिनं दुकानाला कुलूप लावलं, गिटार पाठीला अडकवली, अँप्लिफायर हातात घेतला आणि थेट भावाच्या घरी येऊन त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"वाजव."

"नाही वाजवत."

"वाजवा हो," वहिनी म्हणाली. "नाहीतर ही इथंच मुक्काम ठोकेल, आणि घोरते किती ते मला माहीत आहे."

दादानं गिटार मांडीवर घेतली. पहिलं गाणं नीट गेलं. दुसरं संथ होतं. त्यात मध्येच खरखर झाली आणि आवाज बसला.

"बघ. झालं समाधान?" दादा म्हणाला.

पक्कड त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. "हात हलवू नकोस."

"काय?"

"आहे तिथंच ठेव. आता हळूच उचल."

तळहात उचलला, तशी घुमत राहिलेली तार पुन्हा ऐकू आली. पक्कडनं पुढं होऊन बटणावर स्वतःचा अंगठा दाबला. आवाज गेला. सोडला, आला. दाबला, गेला.

जेवणाच्या टेबलावरच तिनं गिटारचं मागचं झाकण उघडलं. कंट्रोलचा नट सैल झाला होता. वरून भार पडला की कंट्रोल खाली सरकायचा, त्याचा पाय तळाच्या तांब्याच्या पट्टीला टेकायचा आणि आवाज तिथंच मरायचा. ती पट्टी स्पीकरमधली भुणभुण थांबवायला चिकटवली कुणी? पक्कडनं. जुन्याहून अंमळ खोल कंट्रोल आणून बसवला कुणी? तिनंच. आणि टेबलावर निजलेल्या गिटारवर भार टाकणार कोण! "शाबास गं बाई," ती स्वतःलाच म्हणाली.

"म्हणजे हात ठीक होता ना माझा?" दादानं विचारलं.

हो म्हणून टाकावं, असं तिला फार वाटलं. वहिनीही डोळ्यांनी तेच सांगत होती. पण आज थाप मारली तर उद्या दुसऱ्या कुणाच्या गिटारवर तो उघडा पडला असता.

"नाही," ती म्हणाली. "हात जड झालाय. पूर्वी तू तळहात अधांतरी धरायचास, आता तो बटणावर टेकतो. बोटं बरोबर चालतात, एक सूर चुकला नाही तुझा. पण हात टेकतो."

दादानं तळहात उलटा करून बघितला आणि म्हणाला, "टेकणारच तो."

"टेकू दे. मी बटण टेकण्यासारखं करते."

तिनं बुटका कंट्रोल बसवला, दातेरी वायसर घालून नट करकचून आवळला, कंट्रोलखालची पट्टी कापून तिथं प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला. मग दादाला म्हणाली, "आता असेल नसेल तेवढा भार टाक." दादानं टाकला. आवाज हलला नाही.

शनिवारी तालमीला दुसरा गिटारवाला येऊन बसलाच होता. "याला ऐकायला बोलावलंय ना?" दादा ड्रमवाल्याला म्हणाला. "आधी त्यानं मला ऐकावं." आणि त्यानं ते संथ गाणंच काढलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या उजव्या हातावर. गाण्याच्या मध्यावर हात जड होत गेला, तळहात खाली आला आणि बटणावर पुरता टेकला. सूर जसाच्या तसा चालू राहिला. ड्रमवाला त्या हाताकडे इतका टक लावून बघत होता की त्याचीच काठी चुकली.

दादा थांबला नाही. वाजवता वाजवताच म्हणाला, "ताल सांभाळ."