निळ्या डोळ्यांची हरणे

गालिच्यावरचे हरीण म्हणजे मवाळपणा, सिंह म्हणजे बळ, कमळ म्हणजे निर्मळपणा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे अर्थ पहिल्यांदा कोणी लावले, असे विचारले की मात्र सगळे छताकडे पाहू लागतात. निदान हरणाच्या निळ्या डोळ्याचा अर्थ कुठून आला, एवढे खात्रीने सांगता येते. तो आत्याच्या मागावर जन्मला.

सगळा कारखाना तिला आत्याच म्हणे. शेजारी, त्याच फळीवर, तिच्या भावाची बायको बसे. मागाचा डावा अर्धा आत्याचा, उजवा वहिनीचा. कारखान्याचे मास्तर पाठीमागे बसून नक्षी मोठ्याने वाचत, ‘तांबडा तीन, काळा एक’, आणि दोघी एकदमच गाठी मारत. त्यामुळे मधल्या फुललेल्या झाडाच्या दोन्ही अंगांना उभी राहणारी हरणे एकमेकांची प्रतिबिंबेच होत.

हल्ली आत्याला गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा झाला होता. तिने हे कोणालाच कळू दिले नव्हते. नजर अधू झालेल्यांना मास्तर मागच्या खोलीत लोकर गुंडाळायला बसवत, आणि तिथे ना फूल, ना पाखरू. तिने आपले लोकरीचे गुंडे मागावर ठरल्या क्रमाने टांगले होते. हात आपोआप हव्या त्या गुंड्याकडे जाई. पण एकदा झाडलोट करताना कोणीतरी ते काढून भलत्याच क्रमाने टांगले. निळा गुंडा वेळेआधी संपला आणि काळा तसाच गरगरीत राहिला, तेव्हा हरणाच्या डोळ्यात काळ्याऐवजी निळा गेल्याचे आत्याच्या ध्यानात आले. तोवर हरणे मागाच्या खालच्या तुळईवर गुंडाळली गेली होती. आता गालिचा उतरेपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

“वन्सं, डबा तसाच राहिला की,” वहिनी म्हणाली.

“भूक नाही.”

“मास्तर काही बोलले?”

“बोलतील आता.”

वहिनीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तिचा डबा झाकून ठेवला.

गालिचा उतरला, अंगणात पसरला. मास्तर वाकले ते वाकलेलेच राहिले.

“डोळे निळे कसे?”

आत्या तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, “दोन्हीकडे निळेच आहेत की. चूक असती तर एकीकडे असती.”

लख्ख उन्हात आत्यालाही दिसले. उजव्या हरणाचा डोळाही निळाच होता.

“मी काळा वाचला होता,” मास्तर म्हणाले.

“मग आमचे कान गेले. बसवा दोघींना मागच्या खोलीत, आणि पुढचा गालिचा विणा तुम्हीच.”

“कान शाबूत आहेत तुझे. जीभ तेवढी वाढलीय.”

“कान नाही, मास्तर, माझे डोळे गेलेत,” आत्या हळूच म्हणाली. “काळा-निळा ओळखू येत नाही मला. तिनं माझ्यासाठी केलं हे.”

मास्तरांनी मधल्या झाडाकडे बोट केले.

“फुलांचे रंग दिसतात?”

“ते दिसतात.”

“मग गडद गुंडे हिच्या हाताशी टांगा. ही देत जाईल तुम्हाला.”

पुढे गिऱ्हाइकाने निळ्या डोळ्यांचा अर्थ विचारला, तेव्हा मास्तर क्षणभरही अडखळले नाहीत. “तळ्याकाठची हरणं ही. डोळ्यांत पाणी उतरलंय त्यांच्या.” गिऱ्हाईक हरखून गेले, आणि पुढे निळ्याच डोळ्यांची मागणी येऊ लागली.

“विणतानाच का नाही सांगितलंस?” नव्या मागावर बसताना आत्याने विचारले.

“मास्तर पाठीशी बसलेले. काय सांगणार? तुमचा हात निळ्याकडे गेला, माझाही नेला.” वहिनी ताण्याचे उभे दोरे चाचपत राहिली. “लग्न होऊन आले तेव्हा माझ्या गाठी सुटायच्या. मास्तर यायच्या आत तुम्ही त्या पुन्हा मारून ठेवायच्या. मला काय दिसत नव्हतं?”

आत्याने पदराने डोळे टिपले.

“आता त्यांत आणखी पाणी आणू नका, आहे तेवढं दिसू द्या,” म्हणत वहिनीने एक गुंडा पुढे केला. “घ्या. काळा आहे, शपथेवर.”

आत्याने तो उजेडात न धरताच घेतला.