भावजयीच्या रक्तासाठी लाल वाइन

आमच्या गावात मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड एकाच घरात होतं, माझ्या. नवरा फौजेत होता. गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतर थोड्याच वर्षांत नवराही वारला. मागं राहिली पेन्शन, भिंतीवरचा वर्दीतला फोटो आणि ते कार्ड. कॅन्टीनमध्ये साबण, तेल, चहापत्ती, कुकर, सगळं बाजारापेक्षा स्वस्त. आणि वेगळ्या खिडकीवर दारू, तीही स्वस्त. फौजीच्या बायकोला नवऱ्यामागं दारूचा कोटाही मिळतो. मी तो कधी उचलला नव्हता.

उचलणार तरी कशी? मी महिला मंडळाची अध्यक्ष. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारूला हात न लावण्याच्या शीलाला, माझा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. गावातलं दारूदुकान बंद करायला उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान झालं, तेव्हा आडवी बाटली निवडून आणायला मी दारोदार फिरले होते. कोणी कोटा मागायला आलाच तर त्याला चहा पाजायचा, चार गोष्टी सुनवायच्या आणि वाटेला लावायचा, असा माझा खाक्या.

माझा धाकटा भाऊ शेजारच्याच गावात राहायचा. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे तोच. महिन्याच्या महिन्याला तो माझ्याबरोबर कॅन्टीनला यायचा, बसमध्ये जागा धरायचा, थैल्या उचलायचा. बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

एक दिवस तो अंगणात येऊन खाली मान घालून बसला. मी विचारलं, "काहून असा बसला?"

"तुह्या भावजयीच्या अंगात रक्त नाही, ताई. डॉक्टर म्हणते, लाल वाइन पाजा थोडी थोडी. रक्त वाढते."

"बीट दे. डाळिंब दे."

"सगळं देऊन पाहिलं. आन् तिले सांगू नको. तीबी पंचशीलवाली, माहीत पडलं तं थुंकून टाकन. मी डाळिंबाचा रस म्हणून पाजतो."

आता हसाल तुम्ही. पण आमच्याकडे रक्त वाढवायला लाल वस्तू लागते हे शेंबडं पोरही सांगेल. बीट लाल, डाळिंब लाल, दवाखान्यातलं टॉनिक लाल. मग वाइनच का नाही? शील मोडत होतं, ते कळत होतं. पण एकीकडे शील आणि दुसरीकडे भावाचा संसार. मी संसार निवडला.

पहिल्यांदा त्या खिडकीसमोर उभी राहिले तेव्हा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. आतला माणूस म्हणाला, "रम?" मी म्हटलं, "वाइन. लाल." त्यानं चार बाटल्या समोर मांडल्या. मला त्यातलं काय कळतंय? मागं रांगेत एक म्हातारे सुभेदार होते. ते म्हणाले, "बहनजी, महंगी के पीछे मत जाइए. ये वाली लीजिए. दाम कम, माल अच्छा."

मग मला नादच लागला म्हणा. पैसा माझा जात होता, तो अक्कल वापरून जावा. अर्ध्या बाटलीपेक्षा पूर्ण बाटली परवडते. बुचाची बाटली घ्यायची नाही, बूच काढायला भावाकडे काय असणार. फिरवून उघडायच्या झाकणाची घ्यायची. नाशिककडच्या द्राक्षांची चांगली, आणि भारी खोक्यातलीला नुसता खोक्याचाच भाव. उजेडात धरून रंग बघायचे मी, भाजीवालीजवळ टमाटे बघते तशी. जिने आयुष्यात थेंब चाखला नाही, ती बाई स्वस्त आणि मस्त लाल वाइन कोणती हे खडान्‌खडा सांगू शकत होती. त्या सुभेदारांनीसुद्धा एकदा मलाच विचारलं, इस बार कौनसी ठीक है.

घरी आणताना बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून चहापत्तीच्या पुड्यांखाली ठेवायचे. भाऊ थैली सांभाळून उचलायचा. "वाढलं का रे रक्त?" मी विचारायचे. "वाढून राहिलं, ताई," तो म्हणायचा. एका लग्नात भावजय दिसली. गाल भरलेले, चेहऱ्यावर तेज. मी मनात म्हटलं, शील गेलं, पण सत्कारणी लागलं.

त्याच उन्हाळ्यात मंडळात तक्रार आली. साकोलीच्या रस्त्यावर एक ढाबा होता. नागझिऱ्याला वाघ बघायला जाणारे शहरी लोक तिथं थांबायचे, आणि त्यांच्यासाठी मागच्या शेडमध्ये बाटल्या ठेवतात, आता गावचेही तिथं बसायला लागले, असं कळलं. ठरलं, जायचं. भर दुपारी आम्ही सगळ्या निघालो, पुढं मी. ढाबेवाल्याला बाजूला सारलं आणि शेडमध्ये शिरलो. धानाच्या तणसाखालून बायकांनी बाटल्या ओढून काढल्या.

लाल वाइन. तोच कागद, तेच फिरवायचं झाकण. मी उजेडात धरून निवडलेला तोच रंग. बारावी शिकलेली एक सून होती आमच्यात, तिनं बाटलीवरचा शिक्का मोठ्यानं वाचून दाखवला. फक्त फौजेतल्या लोकांसाठी.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. गावात कार्ड कोणाकडे आहे हे काय कोणाला सांगावं लागत होतं?

आणि भाऊ तिथंच होता. ढाब्याच्या खाटेवर बसून जेवत होता. खरं सांगते, त्याला बघून मला आधी धीरच आला. वाटलं, आला माझा माणूस, आता हा सांगेल. मी म्हटलं, "सांग ना रे यायले. कोणासाठी नेत होतो आपण, सांग."

त्यानं हात धुतले, गमछ्याला पुसले. माझ्याकडे बघितलंच नाही. बायकांकडे बघून बोलला, "मले काय मालूम? कार्ड ताईचं, पसंती ताईची. मी तं फक्त थैल्या उचलतो."

पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात. माझी काही सरकली नाही. मला राग आला. असा राग की हातातली बाटली त्याच्या टाळक्यात घालावी. पण पाठच्या भावाच्या टाळक्यात बाटली घालायला जो हात लागतो तो माझ्याजवळ नव्हता. बायकांनी वाइन मातीत ओतली. परतताना मात्र मी पुढं नव्हते, मागं राहिले होते, आणि थांबून माझी वाट कोणी बघितली नाही.

रात्रभर मनाची समजूत घातली. पोटासाठी विकल्या असतील त्यानं काही. सगळ्या थोड्याच विकल्या असतील? बायकोचं दुखणं तर खोटं नसेल. एक तरी बाटली तिच्या अंगी लागली असेल, तर बाकीचं मी गिळीन. एवढंच विचारायला सकाळी त्याच्या घरी गेले.

भावजय बांधावरून गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली. धाडकन अंगणात टाकला, आणि पदरानं तोंड पुसत हसली. "बसा ना, ताई."

मी विचारलं, "रक्ताचं कसं आहे आता तुह्या?"

"माह्या रक्ताले काय झालं?" ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात शिबिरात देऊन आली ना मी. डॉक्टरीन म्हणे, बाई, असं रक्त पाहाले भेटत नाही."

आतून भावाचा आवाज आला, "कोण, ताई आली का? च्या मांड तिच्यासाठी."

तिनं आधी पाण्याचा गडवा आणून माझ्यापुढं ठेवला. तिचा बिचारीचा काय दोष. पण मी उठले. त्या घरचं पाणी अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.