शिवम्माच्या कपाळावरची विभूती

पाथरीच्या बाजारात ताडपत्री म्हटली की मन्मथअप्पाची. जाड सुती कापडाला जवसाचं तेल, राळ आणि मेण पाजून ते असं पक्कं करायचे की भर पावसात पोत्यांची थप्पी कोरडी राहायची. तेल कढवायची मात्र त्यांची बायको, शिवम्मा. राळ किती, मेण कधी, सगळं तिच्या हाताला ठाऊक. नाव तेवढं नवऱ्याचं; आता काय बोलायचं!

अप्पांची परीक्षाही नामी होती. ताडपत्री चार खांबांना बांधायची, तिच्या झोळीत घागरी रिकाम्या करायच्या आणि कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून स्वतः खाली बसायचं. पट्टे भिजले तर ताडपत्री फाडून टाकायची. ते कधी भिजले नाहीत.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी अप्पा गेले. शिवम्मानं कढई थंड पडू दिली नाही. वैशाखात आडत्या बन्सीधरशेठ आला आणि नाक मुरडून म्हणाला, "बाईमाणसाचा माल हाय, शिवम्मा. पावसात भरोसा कोन द्यावा?"

शेठनं पाठ फिरवली की अख्खा बाजारही पाठ फिरवणार, आणि तिला चारठाण्याला भावाच्या दारी जावं लागणार. भावजयीची बोलणी खात!

"मी बसते खाली," ती म्हणाली.

अप्पा बसायचे सकाळच्या गारव्यात. शेठनं मुद्दाम भर दुपार धरली. आठ घागरी ओतल्या, बाजार जमला. एक घटका गेली, दुसरी गेली. आणि शिवम्माच्या कपाळावरून विभूतीचा ओघळ नाकाकडं निघाला.

"गळाली! गळाली की!" शेठ ओरडला.

शिवम्मा हलली नाही. "शेठजी, वर हात लावून बघा."

शेठ वाकून आत शिरला. झोळी खालून चाचपली, तर ठणठणीत कोरडी. तेवढ्यात त्याच्याच टोपीखालून धारा लागल्या.

"घाम हाय," ती म्हणाली. "तीस वर्सं कढईम्होरं हाच गाळायलेय मी."

शेठनं टोपी काढून तोंड पुसलं. लोक हसायला लागले होते. "बरं, बरं. चार ताडपत्र्या पायजेत," तो म्हणाला. "पन अप्पाच्या असायच्या तशाच हव्यात."

"तशाच हायेत," शिवम्मा उठत म्हणाली. "त्याबी माझ्याच व्हत्या."