नासिरभाईंना दिलेलं खोटं उत्तर

नासिरभाई मुकादम गेल्याचं मला दोहातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात मीटिंग चालू असताना कळलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘इन्ना लिल्लाहि’ लिहून खाली त्यांचं नाव टाकलं होतं. रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने परत येताना त्यांना सीटवरच हार्ट अटॅक आला. शेजारच्याला वाटलं, डोळा लागलाय... याला आता पाच आठवडे झाले. दफन दोहातच झालं. मी गेलो होतो, पण मागेच उभा राहिलो. माती द्यायला पुढे होण्याचं धाडस झालं नाही. ते का झालं नाही, हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय.

नासिरभाई मूळचे म्हसळ्याचे, पेशाने टेक्निशियन. मधली काही वर्षं ते कॅनडात होते. मुलगा तिकडे रुळला आणि हे बायकोला, रुकैयाभाभींना, घेऊन कतारला परत आले. माझंही थोडंफार तसंच. पासपोर्ट कॅनडाचा, नोकरी आखातात आणि साठवलेले पैसे तिकडच्या खात्यात, अशी आम्ही सात-आठ माणसं दर शुक्रवारी दुपारी अल मन्सूराच्या एका हॉटेलात चहाला जमायचो. सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असायचे. डिव्हिडंडचा हक्क ठरण्याची तारीख आली की शेअर खाली का येतो? इथे राहून तिकडच्या डिव्हिडंडवर कर कापतात का? बँकेचे शेअर घेऊन निवांत बसलं तर चालेल का? नासिरभाईंनी कुठला कोर्स केलेला नव्हता. बसच्या प्रवासात वाचून वाचून ते शिकले होते. ते सांगायचे, अरे बाबा, डिव्हिडंड म्हणजे वरकमाई नव्हे. कंपनीच्या गाठीचे पैसे तुझ्या हातात आले, म्हणजे कंपनी तेवढी हलकी झाली, मग शेअर खाली येणारच. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की सरळ म्हणायचे, हे मला समजत नाही, दुसऱ्याला विचार. हे म्हणताना त्यांना कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

बाँड फंडाचा विषय मी काढला होता. शेअरबाजाराची भीती वाटायची आणि माझ्या बायकोने, मेधाने, तिकडे नोकरी करून जमवलेले पैसे खात्यात नुसतेच पडून होते. नासिरभाईंनी नीट समजावलं. बाँड फंड म्हणजे मुदत ठेव नव्हे. व्याजदर वाढले की जुन्या बाँडांची किंमत पडते आणि फंडही पडतो. थांबायची तयारी असेल तर वाढलेलं व्याज ती खोट हळूहळू भरून काढतं, पण मध्येच निघालास तर नुकसान घेऊन निघशील. मग त्यांनी विचारलं, “पैसे कधी लागणार तुला?”

माझं काँट्रॅक्ट वाढणार नाही, हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. मेधालाही मी सांगितलं नव्हतं. आणि टेबलावर आमच्याच कंपनीतले एक गृहस्थ बसले होते, त्यांच्यासमोर ते बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, “सात-आठ वर्षं तरी नाही.” नासिरभाई म्हणाले, मग ठीक आहे, थोडे थोडे घाल. मी सगळे एकदम घातले. नोकरीचं काहीतरी जमेल, तोवर पैसे सुरक्षित राहतील, असं मी मनाशी धरून बसलो होतो. त्यानंतर व्याजदर वाढत गेले आणि फंड महिन्यामागून महिने खाली येत राहिला. माझी नोकरी गेली, नवी मिळायला वेळ लागला, घरभाडं आणि मुलीची फी थांबेना. शेवटी पडलेल्या भावात सगळं विकलं. मेधाने विचारलं, हे सुरक्षित होतं ना? मी म्हणालो, नासिरभाईंनी तसं सांगितलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नवी नोकरी लागल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी तेच टेबलावर, त्यांच्यासमोर बोललो. यांच्या सल्ल्याने आमचे पैसे बुडाले, असं. नासिरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय उत्तर दिलं होतं, हे त्यांना आठवत होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “माझं चुकलं असेल.” त्यानंतर त्यांना कुणी काही विचारेना. चार-पाच शुक्रवार ते आले, क्रिकेटच्या गप्पा ऐकल्या आणि चहा संपवून उठून गेले. मग यायचे थांबले. जुन्या कंपनीतल्या त्या गृहस्थांनी एकदा म्हटलं, हल्ली दिसत नाहीत. मी म्हणालो, शिफ्ट असेल.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी मेधाला खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग म्हणाली, भाभींकडे जाऊन ये, एकटा जा. रुकैयाभाभींनी दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. मी कुठलीही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. भाभी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. म्हणाल्या, त्या शुक्रवारी घरी आल्यावर ते जेवले नव्हते. कुणाचं तरी नुकसान झालं, एवढंच सांगितलं. नाव सांगितलं नाही. मीच त्याला नीट विचारायला हवं होतं, असं मात्र पुष्कळ दिवस म्हणत होते.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मी कशी देऊ? ते असताना यायचं होतंस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

मी उठायला लागलो तेव्हा भाभी आतल्या खोलीत गेल्या आणि कॅनडाहून आलेलं एक जाड पाकीट घेऊन आल्या. नासिरभाईंची गुंतवणूक आता त्यांच्या नावावर होणार होती. काही शेअर, एक बाँड फंड. मुलगा फोनवर भराभर इंग्रजीत समजावतो, म्हणाल्या, आणि मी हो हो म्हणते. पाकीट त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नासिरभाई वाचायला बसत ती खिडकीजवळची खुर्ची मला दाखवली आणि स्वतः समोर बसल्या.

“वाचून सांग,” त्या म्हणाल्या. “आणि जे समजणार नाही, ते समजत नाही म्हण.”

मी त्या खुर्चीत बसलो आणि पाकिटातले कागद बाहेर काढले. पहिल्याच पानावर मला दोनदा तसं म्हणावं लागलं.