डिझेल किती दिवस पुरेल

ती विजयदुर्गची, आमच्या तालुका कचेरीत नवीन आलेली कारकून, आणि मला तिचं काहीच बघवत नसे. सात वर्षं घासून अव्वल कारकुनाची जागा माझ्या टप्प्यात आली होती, आणि साहेब मात्र प्रत्येक गोष्ट तिला विचारीत.

एका आषाढात वरून पत्र आलं. परदेशातून तेल थांबलं किंवा टँकर अडले, तर तालुक्यातली वाहतूक किती दिवस चालेल? सगळ्या देशाचाच असा तालुकावार अंदाज घ्यायचा होता म्हणे. साहेबांनी काम मला दिलं. ते पत्र मी मुद्दाम तिच्या टेबलावरून मिरवत नेलं.

पंपावरचा साठा, एसटी डेपोची टाकी, ट्रक, टेम्पो, इंजिनाच्या होड्या, सगळं पायपीट करून लिहून घेतलं. गेल्या पंधरा दिवसांचा खप धरून हिशेब केला. सव्वा महिना! तिने तक्ता वाचला आणि हळूच म्हणाली, "गो, आता होडये झापांखाली आसत. नारळी पुनव झाली काय डिझेल कसा जाता ता बघ."

खरं होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेली होडी थेंबभर डिझेल घेत नाही, हे समुद्राकाठी वाढलेल्या मला कळू नये? नाकाला मिरच्या झोंबल्या. "माका शिकवू नको," मी म्हटलं आणि तक्ता तसाच पाठवला. एक ओळ वाढवायची होती, पण ती तिची ओळ झाली असती.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या आणि त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळून टँकर पलीकडे अडकले. चौथ्या दिवशी पंपावर 'डिझेल नाही'ची पाटी लागली. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या, टेम्पोतली मासळी जागच्या जागी कुजली.

साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. "होड्या कशा सुटल्या नजरेतून?" तीच म्हणाली, "तक्ता मी तपासला होता, साहेब. माझ्याच लक्षात आलं नाही." बोलणी तिने खाल्ली.

पुढे अव्वल कारकुनाची जागा मलाच मिळाली. पेढा घेताना तिचा चेहरा खरोखर खुलला. तिच्या जागी मी असते तर खोटं बोलले नसते आणि अशी हसलेही नसते, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी तिचा दुप्पट हेवा करू लागले.